मैलासफाईतील यंत्रमानव आणि कामगाराची प्रतिष्ठा

मैलासफाईतील यंत्रमानव म्हणजे भुयारी गटाराच्या चेंबरमध्ये माणसाऐवजी उतरवले जाणारे, वरून चालवायचे यंत्र. त्याची गरज कुठे पडते? कोकणातल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत जुन्या गावाबरोबर सिडको या सरकारी संस्थेने वसवलेले खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलही येते. अशा जुन्या-नव्या शहरांत गटार तुंबले की कोणाला तरी झाकण उचलावेच लागते.

झाकणाखाली मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठलेले असू शकतात. सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच मरते. वास नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो. त्याला काढायला उतरलेला सोबतीही अनेकदा वर येत नाही.

२०१३ च्या केंद्रीय कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस लावणे गुन्हा ठरवले. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख, तर २० ऑक्टोबर २०२३ रोजी ३० लाख रुपये ठरवली.

माणसाऐवजी यंत्र उतरवण्यासाठी केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीने २०१८ मध्ये ‘बॅन्डिकूट’ हा यंत्रमानव आणला. बॅन्डिकूट म्हणजे आपली घूस. या यंत्राचा एक भाग रस्त्यावर राहतो. दुसरा दोराने खाली जातो, पाय पसरून स्थिर होतो आणि यांत्रिक हाताने गाळ बादलीत भरतो. कामगार वर उभा राहून पडद्यावर सारे पाहतो. बॅन्डिकूट चालवण्याचे प्रशिक्षण पूर्वी गटारात उतरणाऱ्यांनाही दिले गेले. यंत्राच्या करामतीपेक्षा हा निर्णय मोलाचा आहे.

साधनाबरोबर कामगाराच्या मानाचा हा विचार कोकणाला नवा नाही. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम, म्हणजे मैलासफाई, मिळावे म्हणून उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, मैल्याला हात लावावा लागू नये असे संडास रचले. साधन बदलताना काम करणाऱ्याचा मान त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

आजचा प्रश्नही तोच आहे. यंत्र ठेकेदाराकडे गेले आणि कोणत्या गल्लीतले चेंबर कशाने तुंबते हे जाणणारा माणूस घरी बसला, तर त्याचा जीव वाचला, भाकरी गेली. म्हणून यंत्र चालवणारा म्हणून हजेरीपटावर त्याचे नाव हवे, पगार त्या कौशल्याचा हवा, शिकवणी त्याच्या भाषेत हवी. आणि यंत्र बंद पडले की ‘आजच्यापुरता उतर’ म्हणणाऱ्या मुकादमाला, दिवसाची मजुरी न बुडता, त्याला नाही म्हणता यायला हवे.