कडेवरचे नाव

औद्योगिक प्रदर्शनांची स्मृतिपदके जमविणारे रसिक बहुधा दर्शनी बाजूवर लुब्ध होतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र पदक उभे धरून त्याची कड वाचावी. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये १ मे ते १५ ऑक्टोबर या काळात जे महाप्रदर्शन भरले, त्याच्या पदकांविषयी तरी मी हे आग्रहाने म्हणेन.

ही अधिकृत पदके सरसकट ब्राँझची होती. सोने, रुपे, ब्राँझ अशी उतरंड नको, हा संयोजकांचा हेतू. परंतु मनुष्यस्वभावाला उतरंड हवीच असते! नव्या कल्पकतेसाठी ‘कौन्सिल पदके’ दिली गेली १७०, आणि उत्तम कामासाठी ‘पारितोषिक पदके’ २,९१८. लोकांनी लागलीच पहिल्यास थोरले व दुसऱ्यास धाकटे ठरविले.

राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे मुखवटे विल्यम वायन यांनी कोरले. प्रदर्शन मिटल्यावर दोनच आठवड्यांनी ते निवर्तले.

परीक्षकांच्या पदकावरील लॅटिन ओळ सेमिनरीत लॅटिन घोकलेल्यास थबकविते. ती ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’मधील सृष्टिवर्णनातून उचललेली आहे. मूळ काव्यात गोंधळातून विश्वाची घडी बसविणारा देव त्या वाक्याचा कर्ता. पदकावर ते श्रेय व्यापार-उद्योगाकडे गेले. ‘उत्पत्ती’चे पहिले पान वाचणाऱ्यास ही उसनवारी अंमळ धाडसाचीच वाटेल.

आता कड. पारितोषिक पदकाच्या कडेवर विजेत्याचे नाव ठोकलेले असते. साध्या प्रदर्शक-पदकावर वर्ग व क्रमांक असतो. त्यावरून छापील सूचीत नाव शोधावे लागते, आणि संग्रहाचा खरा आनंद या शोधातच आहे. बाजारात विकलेल्या पांढऱ्या धातूच्या आठवण-पदकांना ही सोय नाही. काही हौशी मंडळी ब्राँझ घासून लखलखीत करतात. त्यात जुना रंग जातो, कधी अक्षरेही झिजतात. कृपा करून हे करू नये.

मात्र कडेवरचे नाव वस्तू मांडणाऱ्याचे. घडविणाऱ्याचे असेलच असे नाही. कारखानदाराच्या नावामागे त्याचे लोहार, सुतार, विणकर झाकले गेले. भारतीय दालन तर ईस्ट इंडिया कंपनीने मांडले होते. तेथील ढाक्याची मलमल पाहून लोक थक्क झाले, पण ती विणणाऱ्याचे नाव कुठल्या कडेवर येण्याची वाटच नव्हती.