मानमोडीची मोजदाद

१९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, आपल्या देशात किती माणसं गेली? वही बघून हे कळत नाही. खेड्यातल्या मृत्यूची नोंद गावकामगारांच्या हाती. घरोघर माणसं तापानं पडली तेव्हा लिहिणार कोण? सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपासचा होता. पुढं १९२१ ची शिरगणती झाली आणि असायला हवी होती ती माणसं सापडेनात. आकडा सव्वा कोटीच्या घरात गेला. १९५१ साली किंग्जली डेव्हिस यांनी तो दोन कोटींच्या आसपास नेला. १९१९ मध्ये जन्मही घटले. रिकाम्या पाळण्यांनीही साक्ष दिलीच की!

मला सगळ्यात टोचतं ते हे, की या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, त्याही वीस ते चाळीस वयाच्या. आजाऱ्याची उशाशी बसून सेवा त्यांनीच करायची, हे एक कारण तेव्हाच्या अधिकाऱ्यांनीही सांगितलं. वही कोरी राहिली म्हणून साथ आली नव्हती, असं होत नाही. बायांनो, तुमच्या घरात 'मानमोडीत गेली' असं कुणाविषयी सांगत आले असतील, तर तिचं नाव, नातं, गाव लिहून ठेवा.