न दुखणाऱ्या आजाराची गोळी

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या घरी बसले होते. समोर एक चित्रकार त्यांचं चित्र काढत होती. डोकं फार दुखतंय असं म्हणाले आणि कोसळले. हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा ३००च्या पुढे आणि खालचा १९० होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास रूझवेल्ट गेले.

हे अगदी अचानक घडलं, असं जगाला सांगण्यात आलं. पण ब्रून यांनी त्यांना मार्च १९४४मध्ये तपासलं होतं, आणि तेव्हाच रक्तदाब १८६/१०८ होता. पुढचं वर्षभर तो चढतच गेला. जगातल्या सर्वात ताकदवान माणसासाठी डॉक्टरांच्या हाती काय होतं? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, सिगारेटी कमी करा, हृदयासाठी डिजिटॅलिस, झोपेसाठी फेनोबार्बिटल. रक्तदाब उतरवेल असं धड एकही औषध नव्हतं.

त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे तो उतरवावा की नाही, यावरच एकमत नव्हतं. पॉल डडली व्हाइट हे त्या काळचे अमेरिकेतले सर्वात नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. वाढलेला दाब ही शरीराने आपल्या सोयीने केलेली तडजोड असू शकते, तिला हात न लावलेलाच बरा, असं त्यांनी १९३१मध्ये लिहून ठेवलं होतं. आजाराचं नावही या समजुतीला पोषक होतं: ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’. खरं तर इथे ‘इसेन्शियल’ म्हणजे ‘कारण सापडत नाही असा’. पण अनेकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला, ‘आवश्यक’. हे नाव आजही फाइलींवर लिहिलं जातं. नावं औषधांपेक्षा जास्त टिकतात.

रूझवेल्ट याल्टा परिषदेला जाऊन आले त्याच सुमारास इकडे मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित एक तरुण पारशी डॉक्टर रक्तदाबाच्या रुग्णांना एका झुडपाची मुळी देत होते. डॉक्टरांचं नाव रुस्तम जाल वकील. मुळी सर्पगंधेची.

सर्पगंधा वकिलांनी शोधली नाही. आपल्याकडे ती शतकानुशतकं सापाच्या विषावर, तापावर, झोपेवर वापरात होती. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखत. १९३१मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडेपणा आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं छापलं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून द्रव्यं वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटलं. म्हणजे माल होता, माहिती होती. वकिलांनी त्यात मोजमाप आणलं. गुण आला, बरं वाटलं, यावर न थांबता त्यांनी ५० रुग्णांचे आकडे औषधाआधीचे, औषध चालू असतानाचे आणि औषध थांबवल्यानंतरचे मांडले. १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ने तो लेख छापला.

तो बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांवर वापरून पाहिल्या. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीतलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात निघालं. त्याचं नाव रेसरपीन. १९५७मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईत हे किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

इथवरची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि बहुतेक वेळा इथेच संपवली जाते. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायनं हळूहळू रिकामी करतं. त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला दिवस, आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो रेंगाळतो. अशा औषधाचा डोस ठरवणं कठीण. आज दिलं, उद्या फरक नाही, म्हणून परवा वाढवलं, असं होत गेलं. अमेरिकेत सुरुवातीला भरपूर डोस दिले गेले. १९५४मध्ये एडवर्ड फ्राइस या डॉक्टरांनी लिहिलं, की मोठ्या डोसवर बराच काळ असलेले काही रुग्ण खोल उदासीनतेत गेले आहेत. हा संबंध कितपत पक्का आहे याबद्दल पुढे वाद झाले, पण औषधाच्या नावाला डाग लागला तो लागलाच. झाडाची मुळी, म्हणजे निर्धोक, ही समजूत तेव्हा खोटी ठरली. आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर ती अजून सुखाने नांदते आहे.

फ्राइस यांनी औषध टाकून दिलं नाही, डोस कमी केला. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनी एक मोठी चाचणी उभी केली. औषधं तीन: लघवीवाटे मीठपाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, रक्तवाहिन्या सैल करणारं हायड्रालझीन आणि थोडंसं, ०.१ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रेसरपीन. दुसऱ्या गटाला हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या.

पण त्याआधी फ्राइस यांना एक साधा प्रश्न पडला होता. हे लोक गोळ्या घेतात का? ज्याला काही दुखत नाही, तो रोज गोळी कशाला घेईल? म्हणून निवडीच्या काळात दिलेल्या गोळ्यांत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, मिसळलं होतं. ते घेतलं की लघवी अतिनील प्रकाशात चमकते. शिवाय उरलेल्या गोळ्याही मोजल्या जात. ‘घेतो की, रोज घेतो’ असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांची लघवी चमकली नाही. त्यांना चाचणीत घेतलं नाही.

निकाल १९६७मध्ये आला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. औषध न मिळालेल्या ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर त्रास झाला आणि त्यांतले ४ दगावले. औषध घेणाऱ्या ७३ जणांत गंभीर त्रास फक्त दोघांना, मृत्यू एकही नाही. तोही दीड वर्षाच्या आसपास. आवश्यक मानलेला दाब आवश्यक नव्हता, मारक होता, हे त्या दिवशी पक्कं झालं. त्या औषधांत परळची मुळी होती.

तरी या आजाराची मूळ अडचण सुटली नाही. गोळी घेतल्याने काही ‘होत’ नाही. जे व्हायचं ते टळतं, आणि टळलेलं कुणाला दिसत नाही. दिसतात ते फक्त त्रास: उठताना येणारी चक्कर, अॅम्लोडिपीनने सुजलेले घोटे, रामिप्रिलने लागलेला कोरडा खोकला. मग आईबाबा एका सकाळी यंत्रावर १२०/८० पाहतात आणि म्हणतात, झालं बरं, आता गोळी कशाला? तो आकडा गोळीमुळे आहे, हे लक्षात येत नाही.

अशा परस्पर थांबवण्याची किंमत काय असते, हेही इतिहासाने मोजलं आहे. क्लोनिडीन हे औषध मुळात चोंदलेलं नाक मोकळं करायला बनवलं जात होतं. प्रयोगशाळेतल्या सर्दी झालेल्या सेक्रेटरीच्या नाकात त्याचे थेंब घातले आणि ती दिवसभर झोपली, दाबही उतरला. अशी ती कथा. पुढे कळलं, की ते अचानक बंद केलं तर दाब पहिल्यापेक्षाही वर उसळतो. प्रोप्रानोलोलसारख्या बीटा ब्लॉकरचंही तसंच. ते चालू असताना हृदय अॅड्रिनॅलिनसाठी जास्त हळवं होऊन बसतं, आणि बांध एकदम काढला की लोंढा येतो. १९७०च्या दशकात हृदयविकाराच्या रुग्णांना औषध एकाएकी थांबवल्यावर झटके आल्याच्या नोंदी झाल्या. तेव्हापासून ही औषधं बंद करायचीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने कमी करतात. सगळ्याच गोळ्या अशा उसळत नाहीत. पण आपली कुठली, हे चपट्या पाकिटाकडे बघून कळत नाही. विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नसते, ती याच कारणाने: दाब चढण्याइतकाच एकदम कोसळणंही वाईट.

आणखी दोन गोष्टी घरातल्या तरुणांनाच सांगायला हव्यात, कारण मोठे त्या सांगत नाहीत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन दाब वाढवते, आणि काही रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर घेतली तर मूत्रपिंडावर ताण आणते. आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल या कुळातली औषधं गरोदरपणात बाळाला घातक आहेत. तिशीतही रक्तदाब निघतो हल्ली, म्हणून बाळाचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगायचा.

रेसरपीन आता चिठ्ठीवर क्वचितच दिसतं. मुळीसाठी इतकी उपटली गेली, की सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आणावा लागला. वैद्यकीय दुकानाच्या आयुर्वेदिक कप्प्यात मात्र तिच्या वट्या अजून मिळतात. चिठ्ठीवरच्या गोळीसोबत त्या घेणारे बरेच असतात, दोन्ही दाबच उतरवत असल्या तरी. आणि नवीन डॉक्टरांनी ‘अजून काय काय चालू आहे?’ असं विचारलं, की बाकी सगळ्या गोळ्यांची यादी सांगितली जाते. या वटीचं नाव राहून जातं, कारण ती ‘औषध थोडीच आहे’.