‘धुंद’ आणि ‘प्रमाण’ : मद्यपी वाहनचालकासंबंधीच्या कायद्याच्या परिभाषेचा विकास

मद्यप्राशन करून वाहन चालविणाऱ्यांच्या हातून होणारे मृत्यू टाळण्याचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा आणि शिक्षांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. श्वासपरीक्षक यंत्र केव्हा निघाले, दंड किती वाढला, एवढ्यावर तो संपतो. वस्तुतः या यंत्रांना न्यायालयात स्थान मिळाले ते गुन्ह्याची व्याख्या बदलल्यानंतर. ती व्याख्या प्रथम कोणत्या शब्दांत केली गेली आणि ते शब्द का टाकावे लागले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

इंग्लंडमध्ये १८७२ च्या मद्यपरवानाविषयक कायद्याने सार्वजनिक मार्गावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना ‘मद्यधुंद’ असणे हा गुन्हा ठरविला. मोटार तेव्हा रस्त्यावर आलेलीच नव्हती. १९२५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनाचा स्पष्ट निर्देश केला. पण ‘धुंद’ हे विशेषण तसेच राहिले. हे विशेषण पाहणाऱ्याचा अभिप्राय व्यक्त करते. कोण धुंद आणि कोण केवळ प्यालेला, यांमधील सीमा प्रत्येकाच्या मनात वेगळी असते. साहजिकच पोलिसांचा डॉक्टर आरोपीला सरळ रेषेवर चालावयास लावी, उच्चारास कठीण असे शब्द म्हणावयास सांगी, आणि त्यावरून मत देई. आरोपीच्या बाजूचा डॉक्टर नेमके उलट मत देऊ शकत असे.

ही अडचण ओळखून १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने नवी शब्दयोजना केली. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ व्हावा इतक्या प्रमाणात चालक मद्याच्या अमलाखाली असला पाहिजे, असे तीत म्हटले होते. वरवर पाहता ही व्याख्या अधिक काटेकोर वाटते. परंतु तिने सिद्धतेचा भार वाढविला. आता अंमलही सिद्ध करावयाचा, असमर्थताही सिद्ध करावयाची, आणि एकीमुळे दुसरी आली हेही दाखवावयाचे. पुष्कळदा ही असमर्थता निर्विवाद ठरे ती अपघात घडून गेल्यावरच. म्हणजे जो मृत्यू टाळावयाचा, तोच कायद्याचा प्रमुख पुरावा होऊन बसे.

या कोंडीतून मार्ग काढला तो स्कँडिनेव्हियाने. स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये रक्ताच्या काही थेंबांवरून त्यातील मद्यार्काचे प्रमाण काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९३६ मध्ये नॉर्वेने ०.०५ टक्के ही मर्यादा कायद्यात घातली. १९४१ मध्ये स्वीडननेही ०.०८ टक्के ही मर्यादा स्वीकारली. चालक कसा दिसतो, कसा बोलतो, हे प्रश्न यामुळे गौण झाले. विशेषणाच्या जागी संख्या आली.

ही संख्या केवळ सोयीची नव्हती, हे पुढे सिद्ध झाले. अमेरिकेत १९५४ मध्ये श्वासपरीक्षक यंत्र तयार करणारे रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे १९६२-६३ मध्ये अपघातांत सापडलेल्या चालकांची तुलना तशाच स्थळी आणि तशाच वेळी सुखरूप जाणाऱ्या चालकांशी केली. प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या पुढे गेले की अपघाताची शक्यता वाढू लागते आणि ०.०८ च्या पुढे ती झपाट्याने चढते, असे त्यांना दिसून आले. ब्रिटनने १९६७ मध्ये, बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना, १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. ९ ऑक्टोबर १९६७ पासून ती अमलात आली आणि पहिल्या वर्षात रस्त्यावरील मृत्यू १,१५२ ने घटल्याचे सरकारी आकडे सांगतात.

तथापि हा लाभ पुरता टिकला नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी याचे कारण दाखविले : आपण अडविले जाण्याची शक्यता वाटली होती तेवढी नाही, हे लोकांना हळूहळू कळून चुकले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून संशय नसतानाही वाटेल त्या चालकाची श्वासपरीक्षा घेण्यास आरंभ केला, आणि तेथील घट दीर्घकाळ टिकली. कठोर शिक्षेपेक्षा परीक्षेची निश्चिती अधिक परिणामकारक ठरते, हा या अनुभवाचा निष्कर्ष होय.

भारतातील परिभाषेनेही हाच प्रवास केला, परंतु मधला टप्पा निराळा होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ब्रिटिशांची ‘असमर्थता’ उतरली होती. १९८८ च्या कायद्याच्या १८५ व्या कलमात मात्र रक्तात कितीही अल्प मद्यार्क असणे हाच गुन्हा ठरला. १९९४ च्या दुरुस्तीने तेथे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आणली. ब्रिटनच्या १९६७ च्या मर्यादेहून ती कितीतरी कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपये केला.

मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ रोजी वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली आणि सात जण मरण पावले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला. कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे याची चालकाला जाणीव होती, असे मानून दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. खटल्याचा काथ्याकूट ‘निष्काळजीपणा’ आणि ‘जाणीव’ या दोन शब्दांभोवती झाला. हे शब्द मृत्यूनंतरचे होत. ३० मिलिग्रॅम ही संख्या मृत्यूपूर्वीची आहे.

मराठी वृत्तपत्रे आजही ‘मद्यधुंद चालक’ असेच लिहितात. कायद्याने टाकून दिलेले १८७२ चे माप या विशेषणात शिल्लक राहिले आहे. ते नित्य वाचणारा मनुष्य दोन पेले घेऊन उठतो, पाय लटपटत नाहीत, जीभ अडखळत नाही, हे पाहून स्वतःला निर्दोष समजतो आणि किल्ली हाती घेतो. ३० मिलिग्रॅमची मर्यादा मात्र धुंदी चढण्याच्या पुष्कळ आधीच ओलांडली जाते. ‘प्यालेला चालक’ हा साधा शब्दप्रयोग कायद्याच्या आजच्या आशयाला अधिक जवळचा आहे. आणि लोकभाषेतील शब्द कायद्याच्या मागे शतकभर रेंगाळला, तर त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.