डुक्कर, वई आणि वीज

१०८६ साली इंग्लंडच्या राजाने आपल्या मुलखाची मोजदाद करून घेतली. त्या ‘डूम्सडे बुक’मध्ये बऱ्याच ठिकाणी जंगलाचं माप चक्क डुकरांमध्ये दिलंय. अमुक गावचं रान इतक्या डुकरांपुरतं. शरदात ओकची फळं गळली की गावकरी आपली डुकरं रानात चरायला सोडत. न्यू फॉरेस्ट भागात ही वहिवाट आजही चालू आहे.

कोकणात गणित उलटं. इथली डुकरं मुळातच रानातली, त्यांना मालक नाही. त्यांना रानातच ठेवायचं कसं, हा प्रश्न. आणि कुंपणाचा खर्च ज्याचं भात उकरलं जातं त्याच्या माथी. मी खारघरला चौदाव्या मजल्यावर राहतो, सोसायटीला भिंत आहे आणि भिंतीला वॉचमन. पण इथून पनवेल ओलांडून कर्नाळ्याच्या पुढे, खालापूर-सुधागडच्या वाड्यांमध्ये गेलात तर कुंपण हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे.

डुक्कर सहसा कुंपणावरून उडी मारत नाही, ते खालून घुसतं. पुढे नाक, मागे सगळं वजन. म्हणजे खरी लढाई जमिनीपासून दोन फुटांत. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. वई घालायची म्हणजे खुंट रोवायचे, आडव्या काठ्या बांधायच्या आणि मधे करवंदीच्या, बोरीच्या काट्या दाबून भरायच्या, तळाशी सगळ्यात दाट. पावसात ती कुजते, उरलेली वाळवी खाते, म्हणून दरवर्षी नवी. काही जण शेर, निरगुडी, निवडुंग, मोगली एरंड लावून जिवंत कुंपण करत. (यातले निवडुंग आणि मोगली एरंड मूळचे अमेरिकेतले. ‘आपलं पारंपरिक’ म्हणताना जरा जपून.) दगड मुबलक असेल तिथे गडगा, म्हणजे चुना-मातीशिवाय दगडावर दगड बसवून रचलेला बांध. माझ्या मते डुकरासाठी आजवरचं सर्वांत चांगलं कुंपण हेच. त्याला नाकाने उचकटणं जड जातं, आणि एखादा दगड ढासळला तर सकाळी परत बसवता येतो. तरीही पीक तयार झालं की रात्री माळ्यावर राखण, डबे वाजवणं, गोफण आणि अधूनमधून गावाने मिळून केलेली शिकार हे सगळं होतंच. नुसत्या कुंपणावर कुणी विसंबून नव्हतं.

ही सगळी व्यवस्था तीन गोष्टींवर उभी होती: रानातून आणायचे काटे-खुंट, भरपूर माणसं आणि हत्यार. १८७८ या एकाच वर्षी त्यातल्या दोन गोष्टींना कायद्याने हात घातला. त्या वर्षीच्या वन कायद्याने जंगलं राखीव करण्याचा सरकारचा अधिकार पक्का केला, आणि शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लावला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून जंगल खात्याविरुद्ध इतक्या तक्रारी आल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याच काळात गोरे अधिकारी घोड्यावर बसून भाल्याने रानडुकरं मारण्याचा खेळ खेळत. पुढे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १८८९ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. म्हणजे डुक्कर मारायला हरकत नव्हती. मारणारा कोण, एवढाच सवाल होता.

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठाबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्यांचीही मागणी होती. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरमध्ये अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारात आठ सत्याग्रही गेले, मामलेदारही मेले. आज नवी मुंबईतून गाडीने जाऊन अर्ध्या दिवसात ती जागा बघून परतता येतं. तो लढा डुकरांसाठी नव्हता, पण रानातली काठी कुणाची, हा प्रश्न त्यात होताच.

राहिली माणसं. ती मुंबईला गिरण्यांत गेली, नंतर आमच्यासारखी कंपन्यांत. शेतं ओसाड पडली, झुडपं माजली, आणि डुकराला लपायला गावाच्या कडेलाच जागा झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुकराला संरक्षण दिलं. पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतात, पण ती हातात येईपर्यंत वालाचं शेत थांबत नाही.

मग उरते तार. १८७४ मध्ये इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, ते गुरांसाठी. गाय तारेला रेलते आणि काटा टोचला की मागे सरते. डुकराची कातडी जाड, केस राठ. ते दोन तारांमधून किंवा खालून सरळ रेटून जातं. जाळी चालते, पण तळ जमिनीत गाडला तर, आणि तेवढा पैसा असला तर.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून कुणीतरी रात्री खांबावरून आकडा टाकून उघडी तार शेताभोवती फिरवतो. घरची वीज २३० व्होल्टची आणि सलग वाहणारी. तिने स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ अशाच तारेने श्रीनिवास हा वाघ मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’चा तो बछडा. अशा तारांनी माणसंही मरतात: शेजारी, गुराखी, कधी तार लावणारा स्वतःच.

झटका यंत्राचं काम वेगळं आहे. न्यूझीलंडच्या बिल गॅलाघरने १९३०च्या दशकात ते शेतीत रुळवलं. व्होल्टेज हजारांत, पण साधारण सेकंदाला एकच ठोका, तोही सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता. दोन ठोक्यांच्या मधे स्नायू सुटतो आणि जनावर मागे हटतं. ऊर्जा मोजकी, म्हणून जीव वाचतो. पहिली तार जमिनीपासून साधारण आठ इंचांवर, नाकाच्या उंचीला, कारण बाकी अंगावर केस असतात आणि नाक ओलं असतं. दुसरी त्याच्या दुप्पट उंचीवर. राज्याच्या जन-वन विकास योजनेतून काही गावांना असं सौर कुंपण अनुदानावर मिळालंय.

पण यंत्र आणून भिंतीला टांगलं की काम झालं, असं नाही. मे महिन्यात जांभ्याची जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंग नीट लागत नाही. सळई खोल, ओल असेल तिथे ठोकावी लागते. श्रावणात उलटा त्रास. गवत वाढून तारेला टेकतं आणि झटका जमिनीत मुरतो. मग दर आठ-दहा दिवसांनी कुणीतरी कोयता घेऊन सगळी तार चालत जाऊन खालचं गवत कापावं लागतं. वाडीत त्या कामाला सध्या साठीच्या पुढचीच माणसं आहेत.