लोणावळ्याचे शिबिर, केडगावची वस्ती

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मिशनचा इतिहास लिहिताना आपण साधारणपणे दगडविटांच्या मागे जातो. चर्च कधी बांधले, शाळा कुठे निघाली, छापखाना कोणी आणला, दवाखान्याला कुणाचे नाव मिळाले, अशा नोंदींवर तो इतिहास उभा राहतो. त्यात चार दिवसांसाठी उभारलेल्या आणि पाचव्या दिवशी उतरवलेल्या तंबूंना जागा मिळत नाही. माझे म्हणणे असे की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोणावळ्याला भरणारी उन्हाळी ‘कॅम्प मीटिंग’ ही अशीच नोंदीबाहेर राहिलेली गोष्ट आहे, आणि ती बाजूला ठेवली तर पंडिता रमाबाईंचे केडगाव नीट समजत नाही. केडगावचे मुक्ती मिशन आपण अनाथालय, विधवाश्रम, धर्मप्रसाराचे केंद्र म्हणून ओळखतो. तिथल्या रोजच्या जगण्याची घडण मात्र शिबिराची होती. फरक इतकाच की ते शिबिर संपून घरी जायचे नव्हते.

हा प्रकार आला अमेरिकेतून. १८०१ साली केंटकीतल्या केन रिज इथे हजारो माणसे गाड्या आणि तंबू घेऊन जमली आणि कित्येक दिवस प्रार्थना, प्रवचने व गायन चालले. वस्ती विरळ, पाळक थोडे, चर्च दूर. तेव्हा माणसांनीच एका जागी येऊन राहायचे, ही सोय होती. पुढे मेथडिस्टांनी ती उचलली आणि सोयीची रीत केली. १८६७ साली न्यू जर्सीतल्या वाइनलँड इथे पवित्र जीवनाच्या शिकवणीसाठी राष्ट्रीय पातळीवरचे शिबिर भरले आणि तिथून दर उन्हाळ्याची परंपरा पडली. या शिबिरांचे सामर्थ्य प्रवचनांपेक्षा दिनक्रमात होते. दिवस उजाडण्यापूर्वी प्रार्थना, मग सभा, सामाईक जेवण, पुन्हा सभा, आणि मधल्या वेळेत कुणीही उभे राहून स्वतःच्या आयुष्याची साक्ष द्यावी. व्यासपीठावर चढण्याचा अधिकार ज्यांना नव्हता त्यांना साक्ष देण्याचा होता, म्हणून बायकांचा आवाज चर्चमध्ये ऐकू येण्याआधी शिबिरात ऐकू आला. १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या अमांडा स्मिथ धुणीभांडी करून पोट भरत. त्यांना सुवार्तिक म्हणून नाव मिळवून दिले ते याच शिबिरांनी. १८७९ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या आणि इथल्या मेथडिस्ट मंडळ्यांमधून बोलल्या.

लोणावळ्यापर्यंत ही रीत पोचली ती रेल्वेच्या मार्गाने. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि लोणावळा मुंबई-पुण्यामधले रेल्वे वसाहतीचे गाव बनले. याच रेल्वे, तार आणि गोदी खात्यांत काम करणाऱ्या युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांत विल्यम टेलर या मेथडिस्ट सुवार्तिकाने १८७१-७२ पासून मुंबई-पुण्यात मंडळ्या उभ्या केल्या. टेलर पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभे राहून प्रवचने करीत. मिशनच्या परदेशी पैशावर मंडळी चालू नये, तिने आपला खर्च आपण उचलावा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना जॉर्ज बोवेन येऊन मिळाले. बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार नाकारून बाजारवस्तीत अगदी थोडक्यात राहत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवीत. अशा माणसांच्या मंडळ्यांना थंड हवेचे, आगगाडीने सहज गाठता येणारे ठिकाण हवे होते, आणि एप्रिल-मेच्या दिवसांत घाटमाथा सोयीचा होता.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. मिशनऱ्यांच्या उन्हाळी वस्त्या देशात आणखीही होत्या. मद्रास इलाख्यात मदुरेच्या अमेरिकन मिशनने १८४५ मध्ये कोडाइकनालला घरे बांधली, ती तापाने आणि पटकीने आपली माणसे मरत होती म्हणून. पुढे तिथे दर उन्हाळ्याला मिशनरी कुटुंबांचा मोठा समाज जमू लागला आणि १९०१ मध्ये त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. त्या वस्तीची भरभराट झाली, पण ती मुख्यतः मिशनऱ्यांची मिशनऱ्यांसाठीच राहिली. लोणावळ्याचे शिबिरही इंग्रजी बोलणाऱ्यांचेच होते, हे मान्य करावे लागेल. तरीही १८९५ च्या एप्रिलमध्ये तिथे एक मराठी विधवा आपल्या मुलींसह आली आणि केवळ पाहुणी म्हणून बसून राहिली नाही.

रमाबाईंची त्या वेळची अवस्था अवघड होती. विधवांच्या शिक्षणासाठी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुढल्याच वर्षी पुण्यात आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या अटीवर बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा पैसा येत होता आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात, या कारणावरून १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागार मंडळ बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. दुसरीकडे चर्चशीही त्यांचे पुरते जुळले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यापासून सिस्टर जेराल्डिन आणि इतर इंग्रज वडीलधाऱ्यांशी त्यांचा पत्रांतून झगडा चालला होता. आपली सद्सद्विवेकबुद्धी आपण कोणा बिशपच्या हवाली केलेली नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. म्हणजे पुण्याच्या समाजाला त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि अँग्लिकन चर्चला पुरेशा आज्ञाधारक वाटत नव्हत्या. अशा स्त्रीला शिबिराची रीत मानवली यात नवल नाही. तिथे पंथाचे सभासदत्व मागत नव्हते, बाईने बोलण्याला हरकत नव्हती, आणि सभेचा शेवट झाला की कुणाचा कुणावर अधिकार उरत नव्हता.

त्या शिबिरात काय घडले ते रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. पहाटे त्या रानात एकान्तात प्रार्थनेला गेल्या. तोवर त्यांच्या मुलींपैकी पंधराजणी ख्रिस्ताकडे वळल्या होत्या. त्या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधराच्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, तेही पुढच्या शिबिरापर्यंत, असे मागणे त्यांनी मागितले. तेव्हा एवढ्या मुली येणार कुठून, याची कोणतीच खूण दिसत नव्हती. दीड-दोन वर्षांत मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडून शेकडो मुली घेऊन आल्या.

माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप इथेच येतो. ही साक्ष मागाहून लिहिलेली आहे. साक्षीच्या लेखनात मागचे प्रसंग पुढच्या फळाशी जुळवून सांगण्याची रीतच असते. आक्षेप रास्त आहे, आणि दोनशे पंचवीसचा आकडा पुरावा म्हणून मीही वापरणार नाही. पण त्या मागण्याची मुदत पाहावी. एका शिबिरापासून दुसऱ्या शिबिरापर्यंत. सरकारी अहवालाचे वर्ष नाही, असोसिएशनला हिशेब पाठवण्याचे वर्ष नाही. वारकरी जसा आषाढीपासून आषाढीपर्यंत वर्ष मोजतो तसे त्या आपले काम लोणावळ्यापासून लोणावळ्यापर्यंत मोजत होत्या. आठवणीत आकडा चुकू शकतो. मोजपट्टी कोणती होती, ते सहसा चुकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुक्ती मिशन दुष्काळाने घडवले, शिबिराने नव्हे. १८९६-९७ चा मध्य प्रांतातला आणि १८९९-१९०० चा गुजरातमधला दुष्काळ पडला नसता तर केडगाव फळबागेपुरतेच राहिले असते. मुली दुष्काळाने आणल्या, हे खरेच. पण त्याच दुष्काळांत देशभर कितीतरी मिशनांनी अनाथालये काढली आणि बहुतेकांचा साचा शाळा-वसतिगृहाचा झाला. केडगावचा तसा झाला नाही. पुण्यापासून रेल्वेने गाठता येणारी ही जमीन रमाबाईंनी सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून घेतली होती. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग आला, शहरात नव्या मुली ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांना उघड्या रानात झोपड्या आणि तंबूंमध्ये हलवावे लागले. मुक्तीची पहिली वस्ती अशी अक्षरशः छावणी होती. चर्चचा पाया मागाहून घातला गेला. त्याआधीच तिथे माणसे एकत्र राहण्याची, एकत्र जेवण्याची, पहाटे प्रार्थनेला उठण्याची रीत बसली होती. इमारती नंतर आल्या आणि त्या रीतीभोवती आल्या. १८९८ मध्ये असोसिएशनशी ठरलेली दहा वर्षांची मुदत संपली आणि धार्मिक तटस्थतेची अटही गेली. त्यानंतरही रमाबाईंनी मुक्ती कोणत्याही एका पंथाच्या हाती दिली नाही. मेथडिस्ट, अँग्लिकन, कुठल्याच मिशनला न जोडलेले, असे सगळे तिथे काम करीत. शिबिरात हे सहज चालते. संस्थेत ते चालवून दाखवणे फार कठीण असते.

१९०५ मध्ये या घडणीचे फळ दिसले. वर्षाच्या सुरुवातीला सत्तरएक जणी रोज संजीवनासाठी, म्हणजे ‘रिव्हायव्हल’साठी, प्रार्थना करू लागल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस जे उसळले त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापाची कबुली देत होत्या, आणि मग टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत जात होत्या. या गोष्टीकडे मानसशास्त्राच्या नजरेने पाहता येईल किंवा श्रद्धेच्या. इतिहासाच्या नजरेने पाहिले तर हे कॅम्प मीटिंगचे ओळखीचे रूप आहे, फक्त आता ते मराठीत होते आणि त्यातल्या बहुसंख्य मुली दुष्काळातून वाचलेल्या होत्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. तिची प्रत चिलीतल्या वालपराइसोला त्यांची जुनी वर्गमैत्रीण मे हूवर हिच्या हाती पडली, आणि १९०९ मध्ये तिथल्या मेथडिस्ट मंडळीत सुरू झालेल्या संजीवनातून चिलीचे पेंटेकोस्टल चर्च जन्माला आले. दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या धार्मिक चळवळीची एक मुळी दौंड तालुक्यात आहे, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात कधी आली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. अमेरिकन माळरानावरची रीत मराठी मातीत रुजली म्हणणे ओढूनताणून नाही का? रमाबाईंच्या बाबतीत उत्तर त्यांच्या बालपणात आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थोतीर्थी फिरत होते. देवळांच्या आवारात उतरायचे, पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे आणि पुढच्या क्षेत्राकडे निघायचे. मद्रास इलाख्यातल्या १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले तेही अशाच भटकंतीत. भक्ती ही घराबाहेर, वाटेवर, उघड्यावर करायची गोष्ट आहे, हे या बाईला कोणा मेथडिस्टाने शिकवायची गरज नव्हती. दुष्काळी मुलींना पाहून त्या का धावल्या, तेही तिथेच कळते.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. लोणावळ्याला नेलेल्या मुली रमाबाईंच्या आश्रयाला होत्या. अन्न, निवारा, शिक्षण, सगळे त्यांच्या हातून मिळत असताना शिबिराच्या भारलेल्या वातावरणात घेतलेला निर्णय किती स्वतंत्र मानायचा? १८९५ मध्येच पुण्यात सदनाच्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि पुन्हा वाद पेटला. रानडे-भांडारकरांची तक्रार धर्मांध नव्हती. पालकांना दिलेल्या शब्दाचा तो प्रश्न होता आणि तो शब्द ताणला गेला, असे मानायला जागा आहे. समूहात राहण्याने मन बदलते, हेच शिबिराचे बळ, आणि नेमके तेच त्याचे ओझे. मात्र याच मुलींना घरी कोणती निवड होती, हेही विचारले पाहिजे. केशवपन, एकवेळचे जेवण आणि कोपऱ्यातले आयुष्य त्यांनी स्वतः निवडले नव्हते. दोन दडपणांपैकी एकाच्या वाटेवर शिक्षण, हातातले काम आणि सभेत उभे राहून बोलण्याचा हक्क होता. मी तिकडे झुकतो. पण शब्द मोडल्याची तक्रार त्यामुळे पुसली जात नाही.

अशा सहवासातून उभे राहिलेले सगळेच टिकते असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये, म्हणजे लोणावळ्याच्या त्या शिबिराच्या जेमतेम दोन महिने आधी झाला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. चर्चच्या चौकटीबाहेरचा बंधुसमाज, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र, भजन-कीर्तनाची मराठी रीत, अशी त्याची कल्पना होती. विचाराने तो केडगावइतकाच धाडसी, भाषेने अधिक आपला. पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार फार काळ उभा राहिला नाही. त्याच्यामागे शेत नव्हते, स्वयंपाकघर नव्हते, रोजचे काम नव्हते. मुक्तीत विहिरी खोदल्या होत्या, माग चालत होते, तेलाचा घाणा होता, गुरे होती. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचे निधन झाले तेव्हा त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पुरे झाले होते. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापले आणि १९२४ मध्ये वाचकांच्या हाती दिले.