‘क’ वर्गाचा पैसा

१७. ‘क’ वर्गाचा पैसा : हा शब्द राहुरीकडच्या गावकीच्या बैठकीत सर्रास ऐकू येतो, बाहेरच्या वाचकाला तो उलगडणार नाही. तीर्थस्थळांना सरकारी मदत मिळते ती वर्गवारीने. ‘ब’ वर्गाचा निधी ग्रामविकास विभागाकडून येतो, ‘क’ वर्गाचा जिल्हा नियोजन समितीकडून. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात, आणि प्रस्तावाची वाट ग्रामपंचायत, जिल्हा परिषद अशी वर चढत जाते. पैसा भक्तनिवास, स्वच्छतागृह, पाणी, रस्ता, वाहनतळ अशा सोयींसाठी असतो. यात्रेतला तमाशाचा फड, कुस्त्यांचा इनाम, महाप्रसाद हे मात्र आजही गावच्या वर्गणीवरच चालते. ही विभागणी ध्यानात घेतली नाही तर लेखकाचा पुढचा सगळा परिच्छेद निसटतो.

राहुरी तालुक्यातील ताहाराबाद हे महिपतीबुवांचे (१७१५–१७९०) गाव. ‘भक्तिविजय’ (१७६२) लिहून त्यांनी महाराष्ट्राला त्याचे संत ओळखीचे करून दिले. अशा गावी परगावचा माणूस आला तर त्याला सावली, पाणी आणि बाईमाणसाला आडोसा मिळालाच पाहिजे. ही मेहरबानी नव्हे, असे आम्हांस मनापासून वाटते.

ग्रामपंचायतीला यात्रेकरूंवर कर बसवण्याचा अधिकार १९५८च्या कायद्याने आहे. अनुदानाचा प्रस्ताव ज्यांच्यामार्फत वर जातो त्या जिल्हा परिषदा त्यानंतरच्या, १ मे १९६२च्या. लेखकाने प्रस्तुत पानावर ‘यात्राकर’ आणि ‘अनुदान’ एकाच अर्थाने वापरले आहेत. पहिला यात्रेकरूकडून घेतला जातो, दुसरे त्याच्या सोयीसाठी येते. (संपा.)